लोखंडी जाळी कीं कृत्रिम तंतु ?

घराचें अंगण, शाळेच्या ओसरीपुढील पटांगण, धान्याच्या वखारीची जमीन, मोटारगाडी उभी करण्याची जागा, हीं सर्व ठिकाणें आजकाल बहुधा काँक्रीटनें बांधून काढलेलीं असतात. जेथें पूर्वीं शेणानें सारवलेली भुई किंवा चुन्याचा कोबा असे, तेथें आतां करड्या रंगाचा सपाट थर पसरलेला दिसतो. हा थर दगडासारखा कठीण असतो खरा. परंतु वर्ष दोन वर्षांनीं त्याकडे बारकाईनें पाहिलें, तर त्यावर कोठें ना कोठें तरी भेग पडलेली आढळतेच. घरधनी म्हणतो, "आंत लोखंडाची जाळी घातली होती, तरीहि भेग कशी पडली ?" गवंडी म्हणतो, "जाळी घातली म्हणून तर एवढ्यावर निभावलें." अलीकडे या वादांत तिसरा एक पक्ष उपस्थित झाला आहे, तो कृत्रिम तंतूंचा. प्लॅस्टिकचे हे बारीक तुकडे पिशव्यांतून बाजारांत मिळतात. ते काँक्रीटमध्यें कालवले कीं जाळीचें कारणच उरत नाहीं, असें विकणारे सांगतात. या म्हणण्यांत खरें किती, आणि जेथें तें खरें नाहीं तेथें त्यावर विसंबल्यास काय अनर्थ होईल, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच दोन शब्दांचा अर्थ निश्चित करून ठेवणें बरें. काँक्रीटचा जो थर सर्वत्र जमिनीवर टेकलेला असतो, त्यास आम्ही येथें कोबा म्हणूं. आणि जो भिंतींवर किंवा खांबांवर अधांतरीं राहून घराचें छप्पर अथवा वरच्या मजल्याची जमीन होतो, त्यास लोकांच्या तोंडीं रूढ झालेला स्लॅब हाच शब्द वापरूं. दोहोंचें द्रव्य एकच, रूपहि एकच. परंतु दोहोंचें काम मात्र अगदीं भिन्न आहे. हा भेद जो विसरणार नाहीं, त्यास पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

वर्गांत वापरतात तो खडू घ्या. त्याचीं दोन टोकें बोटांमध्यें धरून दाबलीं तर तो मोडत नाहीं; परंतु तोच थोडा वांकविला कीं त्याचे तटकन दोन तुकडे होतात. वांकवितांना खडूची एक बाजू दाबली जाते व दुसरी ताणली जाते, आणि ताण त्यास मुळींच सोसत नाहीं. काँक्रीटचा स्वभाव हुबेहूब असाच आहे. दाब सोसण्याची जेवढी शक्ति त्याच्या अंगीं असते, तिच्या सुमारें एक दशांश एवढीच ताण सोसण्याची असते. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें इ. स. १८२४ मध्यें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. पुढें त्या सिमेंटाच्या वस्तु जसजशा प्रचारांत आल्या, तसतसा हा दोष लोकांच्या अनुभवास येऊं लागला. फ्रान्समध्यें जोसेफ मोनिए नांवाचा एक माळी होता. झाडें लावण्याच्या सिमेंटाच्या कुंड्या मजबूत व्हाव्यात म्हणून त्यानें त्यांच्या अंगांत लोखंडी तारांची जाळी बसविली, व इ. स. १८६७ मध्यें त्या युक्तीचें पेटंट मिळविलें. दाब काँक्रीटनें सोसावा व ताण लोखंडानें सोसावा, अशी ही कामाची वांटणी. आणि तिच्यावरच आजचीं असंख्य घरें व पूल उभे आहेत.

आतां कोब्यास भेगा कां पडतात तें पाहूं. त्या दोन वेळीं व दोन कारणांनीं पडतात. पहिली वेळ म्हणजे काँक्रीट ओतल्यापासूनचे पहिले कांहीं तास. या वेळीं तें मऊच असतें. त्यांतील खडी व वाळू जडपणामुळें खालीं बसूं लागते व पाणी वर येतें. ऊन कडक असेल, वारा सुटलेला असेल व हवा कोरडी असेल, तर खालचें पाणी वर येण्यापूर्वींच वरचें पाणी उडून जातें. दर चौरस मीटरमागें ताशीं १ किलोग्रॅमच्या वर पाणी उडूं लागलें कीं धोका जवळ आला, असें जाणते लोक मानतात. मग ज्याप्रमाणें उन्हाळ्यांत तळें आटल्यावर त्याच्या गाळास भेगा पडतात, त्याचप्रमाणें कोब्याच्या पृष्ठभागासहि पडतात. चैत्र-वैशाखांत देशावर भर दुपारीं कोबा घालणाऱ्यास हा अनुभव नवा नाहीं.

दुसरी वेळ यानंतरची, आणि ती कित्येक महिने चालते. काँक्रीट कठीण झालें तरी त्यांतील जास्तीचें पाणी हळूहळू बाहेर पडत राहतें, व त्याबरोबर तें आकसतें. हें आकसणें साधारणतः दर मीटरमागें अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतें. म्हणजे १० मीटर लांबीचा कोबा मोकळा असता तर ५ मिलिमीटरांनीं आंखूड झाला असता. परंतु तो मोकळा नसतो. खालची जमीन त्यास घर्षणानें धरून ठेवते. शिवाय वरचें अंग हवेस लागून आधीं वाळतें व खालचें ओलें राहतें. आकसूं पाहणाऱ्या वस्तूस कोणी धरून ठेवलें म्हणजे तिच्यांत ताण उत्पन्न होतो. आणि काँक्रीट तर दर मीटरमागें सुमारें एक दशांश मिलिमीटर ताणलें गेलें कीं फाटतें. अर्धा मिलिमीटर आकसावयाचें आणि एक दशांशच ताण सोसावयाचा, हें गणित जुळावें कसें ? भेग पडणारच. म्हणून शहाणा कारागीर भेगेस स्वतःच जागा नेमून देतो. कोबा पुरेसा कठीण होतांच, बहुधा पहिल्या दिवसाच्या आंतच, यंत्राच्या करवतीनें त्यावर सरळ खांचा पाडतात. त्यांची खोली कोब्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, व दोन खांचांमधील अंतर जाडीच्या २४ ते ३० पट ठेवतात. १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्यास दर अडीच ते तीन मीटरांच्या सुमारास २५ मिलिमीटर खोल खांच आली, म्हणजे भेग त्या खांचेच्या तळाशीं गुपचूप पडते व वर वेडीवांकडी दिसत नाहीं.

येथें जाळीचा प्रश्न येतो. पुष्कळांची समजूत अशी असते कीं जाळी भेग पडूंच देत नाहीं. ही समजूत बरोबर नाहीं. काँक्रीट फाटण्यापूर्वीं जाळीवर फारसा ताण येतच नाहीं; तिचें खरें काम भेग पडल्यावर सुरू होतें. भेगेच्या दोन्ही कडा ती घट्ट धरून ठेवते. कडा जवळ राहिल्या म्हणजे एका बाजूची खडी दुसऱ्या बाजूच्या खडींत अडकून राहते, चाकाचें ओझें एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सुरळीत उतरतें, पाणी व कचरा आंत शिरत नाहीं, आणि एक तुकडा वर व दुसरा खालीं असें होत नाहीं. केसासारखी भेग डोळ्यांस खुपते, पण कोब्याचें फारसें कांहीं बिघडवीत नाहीं. बोट जाईल एवढी भेग मात्र कोब्याचा नाश करते. पहिलीची दुसरी होऊं न देणें, एवढाच जाळीचा धर्म.

परंतु हा धर्म तिनें पाळावा यासाठीं ती योग्य जागीं असली पाहिजे. कोब्याचें वरचें अंग आधीं आकसतें व भेगहि वरूनच उघडते. म्हणून जाळी वरच्या तिसऱ्या हिश्श्यांत राहावी असें सांगतात. प्रत्यक्षांत काय घडतें ? जाळी अगोदर जमिनीवर अंथरतात. तिच्याखालीं काँक्रीटचे लहान ठोकळे ठेवून ती उचलून धरावी, हें सर्वांस ठाऊक असतें. पण घमेलीं घेऊन बिगारी तिच्यावरूनच ये-जा करतात, ठोकळे कलंडतात, व तार पायाखालीं दबून मातीला लागते. कित्येक ठिकाणीं ठोकळे ठेवीतच नाहींत. काँक्रीट ओततां ओततां आंकड्यानें जाळी वर ओढावयाची, अशी वहिवाट असते. आंकडा जेथें लागला तेथें ती वर येते, आणि पुढचें पाऊल पडलें कीं पुन्हां खालीं जाते. मातीला लागलेली जाळी वर उघडणाऱ्या भेगेस आवरूं शकत नाहीं. उलट ओलीनें स्वतःच गंजून जाते. पैसा खर्च झाला, लोखंड गाडलें गेलें, आणि काम मात्र झालें नाहीं, असा प्रकार पुष्कळ कोब्यांच्या पोटांत दडलेला असतो.

तंतूंची कल्पना नेमकी हीच अडचण टाळते. ती कल्पना कांहीं आजची नव्हे. प्राचीन मिसर देशांत विटांच्या मातींत पेंढा कालवीत. आमच्या इकडेहि भिंतीच्या मातींत गवत, पेंढा किंवा तूस घालून ती पायांनीं तुडविण्याची रीत खेड्यापाड्यांतून चालत आलेली आहे. माती वाळतांना फाटूं नये, हाच त्यांतील हेतु. इ. स. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यानें सिमेंटांत ॲस्बेस्टॉसचे तंतु घालून पातळ पत्रे बनविण्याची कृति काढली, व ते पत्रे जगभर पसरले. परंतु त्या तंतूंची धूळ फुप्फुसांत जाऊन प्राणघातक रोग होतात असें पुढें सिद्ध झालें, आणि अनेक देशांनीं ते वर्ज्य केले. इ. स. १९६३ मध्यें अमेरिकेंतील रोमुआल्डी व बॅटसन यांनीं, बारीक पोलादी तारांमुळें काँक्रीटमधील भेग कशी रोखली जाते, याचें शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास प्लॅस्टिकचे तंतूहि पुढें आले. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाट्टा यानें इ. स. १९५४ मध्यें घट्ट, धागा काढण्याजोगें पॉलिप्रॉपिलीन तयार केलें होतें; त्यास जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर याजबरोबर इ. स. १९६३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. इ. स. १९६५ मध्यें अमेरिकन लष्कराच्या इंजिनियर खात्यानें स्फोटाचा धक्का सोसणाऱ्या इमारतींसाठीं काँक्रीटमध्यें कृत्रिम तंतु घालून पाहिले. आज काँक्रीटसाठीं विकले जाणारे कृत्रिम तंतु मुख्यत्वेंकरून पॉलिप्रॉपिलीनचेच असतात.

या तंतूंत दोन जाती आहेत, आणि बहुतेक घोटाळा या दोन जाती एकच मानल्यामुळें होतो. पहिली जात सूक्ष्म तंतूंची. यूरोपांतील मानकाप्रमाणें ०.३ मिलिमीटरहून कमी जाडीचा तंतु सूक्ष्म समजतात. प्रत्यक्षांत तो पुष्कळदां केसाहूनहि बारीक असतो. लांबी बहुधा ६ ते २० मिलिमीटर. एक घनमीटर काँक्रीटमध्यें हे सुमारें ०.६ ते ०.९ किलोग्रॅम घालतात. एवढें थोडें वजन ऐकून हंसूं येईल. पण संख्येचा हिशेब करून पाहावा. १२ मिलिमीटर लांब व ०.०३ मिलिमीटर जाड असा तंतु धरला, तर ०.९ किलोग्रॅममध्यें त्यांची संख्या ११ कोटींच्या वर जाते ! मऊ काँक्रीट पहिल्या कांहीं तासांत फाटूं पाहतें, तेव्हां त्यास फाडणारा ताणहि इतका थोडा असतो कीं या कोट्यवधि धाग्यांची किंचित् पकड त्यास पुरेशी होते. म्हणून उन्हावाऱ्यानें पडणाऱ्या पहिल्या भेगा हे तंतु फार चांगल्या रीतीनें कमी करतात. हें काम जाळीस साधत नाहीं, कारण पृष्ठभागाशीं तार नसतेच. परंतु काँक्रीट कठीण झाल्यावर सूक्ष्म तंतूंचें सामर्थ्य अपुरें पडतें. महिन्या दोन महिन्यांनीं आकसण्यामुळें पडणाऱ्या भेगेस त्यांच्यानें आवरवत नाहीं. तेव्हां सूक्ष्म तंतु हे जाळीचे सोबती होऊं शकतात, वारस नव्हेत.

दुसरी जात स्थूल तंतूंची. यांची जाडी ०.३ मिलिमीटरहून अधिक व लांबी बहुधा ४० ते ६० मिलिमीटर असते. दिसण्यांत ते झाडूच्या काडीच्या तुकड्यांसारखे दिसतात. पॉलिप्रॉपिलीनला सिमेंट चिकटत नाहीं, म्हणून त्यांच्या अंगावर खांचेखुंचे उठवितात किंवा त्यांस नागमोडी वळण देतात, म्हणजे ते काँक्रीटमध्यें अडकून राहतात. त्यांचें प्रमाण घनमीटरास सुमारें २ ते ९ किलोग्रॅमपर्यंत असतें. साध्या कोब्यास बहुधा यांतील खालचें प्रमाण लागतें. ५० मिलिमीटर लांब व ०.८ मिलिमीटर जाड असे तंतु ४ किलोग्रॅम घातले, तर प्रत्येक घनमीटरांत ते सुमारें पावणेदोन लाख येतात. भेग जेथून जाईल तेथें तिला आडवे गेलेले असे तंतु भेटतात. ती रुंदावूं लागली कीं ते ताणले जातात, आणि त्यांतील पुष्कळ तुटण्याऐवजीं घासत घासत आपल्या जागेंतून सरकूं लागतात. या घासण्यांतच त्यांचें बळ आहे. एक दोर ओढणाऱ्या अनेक हातांप्रमाणें ते भेगेच्या कडा एकमेकींपासून दूर जाऊं देत नाहींत. म्हणजे जाळीचें जें काम आम्हीं वर सांगितलें, तेंच हे करतात. आणि वर, मध्यें, खालीं, कोपऱ्यांत, कडेस असे सर्वत्र पसरलेले असल्यामुळें त्यांची जागा चुकण्याचा प्रश्न उरत नाहीं. बिगाऱ्याच्या पायानें त्यांस तुडवून खालीं नेतां येत नाहीं.

मात्र त्यांचें बळ किती, हें डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं. तें मापावें लागतें. यासाठीं तंतु घातलेल्या काँक्रीटची १५० मिलिमीटर जाडीची व तेवढ्याच रुंदीची लहान तुळई ओततात, ती ४५० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवतात, व यंत्रानें वरून दाबतात. साध्या काँक्रीटची तुळई भेग पडतांच खडूसारखी दुभंगते. तंतु घातलेली तुळईहि फाटते, व जवळजवळ तेवढ्याच भारानें फाटते. परंतु फाटल्यावर ती कोसळत नाहीं. ती ३ मिलिमीटर वांकेपर्यंत दाबीत राहून, फाटलेल्या स्थितींत ती किती भार धरून ठेवते याची नोंद करतात. भेगेनंतर उरलेलें हें बळच तंतूंच्या मोलाचें माप होय. निरनिराळ्या कारखान्यांचे तंतु सारख्याच वजनानें घातले तरी हें माप सारखें येत नाहीं. म्हणून अमुक एक पिशवी टाका असें सांगणाऱ्यास प्रथम हें माप विचारावें. आणि ज्या जाळीच्या ऐवजीं तंतु घालावयाचे, तिच्या बरोबरीचें बळ त्या प्रमाणांत येतें कीं नाहीं, हें इंजिनियराकडून ताडून घ्यावें.

माप योग्य असेल तर कोब्याच्या कामीं स्थूल तंतूंचे लाभ पुष्कळ आहेत. जाळी आणणें, कापणें, अंथरणें, बांधणें ही मजुरी वांचते, व काँक्रीट ओतणाऱ्यांच्या पायांत अडथळा राहत नाहीं. ६ मिलिमीटर जाडीच्या तारांची, १५० मिलिमीटर चौकटींची जाळी घेतली तर तिचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ३ किलोग्रॅम, म्हणजे १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्यांत घनमीटरास सुमारें ३० किलोग्रॅम भरतें. तंतूंचें ओझें याच्या अल्पांशाएवढेंच असतें. आणि सर्वांत मोठा लाभ म्हणजे ते गंजत नाहींत. मुंबईपासून गोमंतकापर्यंतच्या किनाऱ्यावर खारी हवा व दीर्घ पावसाळा यांमुळें लोखंडाची काय दशा होते, हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. लोखंड गंजलें कीं फुगतें, व फुगलें कीं आपल्यावरील काँक्रीटच फोडून काढतें. पॉलिप्रॉपिलीनला गंज नाहीं, व सिमेंटांतील क्षारहि त्यास खात नाहींत. रस्त्यांच्या कामींहि तंतूंचा प्रवेश झाला आहे. तंतुयुक्त काँक्रीटच्या रस्त्यांसंबंधीं इंडियन रोड्स काँग्रेसनें इ. स. २०१३ मध्यें एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे.

पण गुण सांगितले तसे दोषहि सांगितले पाहिजेत. तंतु घातल्यानें ओलें काँक्रीट घट्ट भासूं लागतें, व कारागिरास त्यांत पाणी ओतण्याचा मोह होतो. जास्त पाणी म्हणजे जास्त आकसणें व कमी बळ. मग ज्या भेगेसाठीं तंतु आणले तीच भेग आपण होऊन बोलाविल्यासारखें होतें. पाण्याऐवजीं काँक्रीट सैल करणारें रसायन मापानें घालावें. तंतु एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात. ते थोडेथोडे घालून यंत्रांत नीट फिरवावे लागतात. कांहीं तंतु पृष्ठभागावर कुसळांसारखे डोकावतात. जेथें मुलें अनवाणी खेळतात त्या अंगणांत याचा विचार करावा. तंतु घातले म्हणून खांचा पाडणें, किंवा पाणी मारून कोबा निदान आठवडाभर ओला ठेवणें, हीं कामें टळत नाहींत. शिवाय प्लॅस्टिक तें प्लॅस्टिकच. असा कोबा पुढें उखडला तर लोखंडाप्रमाणें तंतु वेगळे काढून पुन्हां वितळविणें सोपें नसतें, आणि सांडलेले तुकडे मातींत व पाण्यांत जातात. कामाच्या जागीं सांडलेले तंतु झाडून गोळा करणें, हें म्हणूनच केवळ टापटिपीचें काम नव्हे.

याहून महत्त्वाचे दोष त्या द्रव्याच्या स्वभावांतच आहेत. पॉलिप्रॉपिलीनचा ताठरपणा पोलादाच्या विसाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनहि कमी असतो. म्हणून भेग थोडी उघडल्यावरच तें जोर धरूं लागतें. त्यावर भार सतत राहिला तर तें हळूहळू लांबत जातें. आणि सुमारें १६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस तें वितळतें. हा शेवटचा दोष एके ठिकाणीं मात्र गुण ठरला आहे. इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्राखालच्या बोगद्यांत १८ नोव्हेंबर १९९६ रोजीं आग लागली, तेव्हां काँक्रीटच्या अस्तराचीं मोठालीं खपलें उडून गेलीं. अशा आगींत काँक्रीटच्या पोटांत कोंडलेली वाफ स्फोट केल्याप्रमाणें त्यास फोडते. सूक्ष्म तंतु अशा वेळीं वितळून आपल्या जागीं बारीक पोकळ नळ्या सोडतात, व वाफेस बाहेर पडण्यास वाट मिळते; म्हणून बोगद्यांच्या काँक्रीटमध्यें ते आतां मुद्दाम घालतात. वस्तु एकच, परंतु तिचें वितळणें एका कामीं दूषण ठरतें व दुसऱ्या कामीं भूषण.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कोब्यास जें चालतें तें स्लॅबला चालेल काय ? घराच्या छपरांतील सळया काढून त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे तंतु घालतां येतील काय ? याचें उत्तर स्पष्टपणें नाहीं असें आहे, व त्याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. कोबा जमिनीवर निजलेला असतो. त्यास भेग पडली तरी तो पडून पडून कोठें पडणार ? त्याचें ओझें धरित्री उचलते. जाळी असो वा तंतु, त्यांनीं फक्त भेग आवरावयाची असते. स्लॅबच्या खालीं मात्र पोकळी आहे, आणि त्या पोकळींत माणसें राहतात. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्यें खालीं वांकूं पाहतो, त्याचें खालचें अंग ताणलें जातें, आणि तेथें काँक्रीट फाटल्यावर सारा ताण सळयांवर येतो. तेथें छत उचलून धरण्याचा प्रश्न असतो, आणि तोहि एका दिवसाचा नव्हे, पिढ्यानुपिढ्यांचा. सळईचें बळ जेथें हवें तेथेंच एकवटलेलें असतें: मधल्या भागांत खालच्या अंगास, सलग स्लॅबच्या आधारांवर वरच्या अंगास. तंतु सर्वत्र विखुरलेले असतात. त्यांतील थोडेच ताणाच्या जागीं व ताणाच्या दिशेनें येतात, बाकीचे दाबाच्या भागांत निरुद्योगी पडून राहतात. सर्वत्र असणें हा जो कोब्यांत त्यांचा मोठा गुण, तोच स्लॅबमध्यें त्यांचा मोठा उणेपणा होतो. त्यांत सतत भारानें लांबण्याचा व आगींत वितळण्याचा दोष मिळवा, म्हणजे छपराखालीं निजणाऱ्यांचे प्राण त्यांच्यावर सोंपविणें किती अविचाराचें आहे, तें कळून येईल.

छज्ज्याचें उदाहरण या बाबतींत विशेष बोधप्रद आहे. भिंतीबाहेर काढलेला छज्जा टोकाशीं खालीं वांकूं पाहतो, म्हणून त्याचें वरचें अंग ताणलें जातें व मुख्य सळया वरच्या अंगासच असाव्या लागतात. बिगाऱ्याच्या पायानें कोब्यांतील जाळी खालीं गेली, तर फार तर एक भेग रुंद होते. त्याच पायानें छज्ज्यांतील सळई खालीं गेली, तर छज्जा कोसळूं शकतो. पाय तोच, चूक तीच. परंतु पहिलीचा दंड पैशानें फिटतो व दुसरीचा प्राणानें भरावा लागतो. तंतु घातले आहेत, आतां सळई थोडी इकडे तिकडे झाली तरी चालेल, असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास तेथेंच थांबवावें. स्लॅबमध्यें तंतु घालूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पहिल्या दिवसाच्या भेगांसाठीं सूक्ष्म तंतु खुशाल घालावे. पण सळया नकाशाप्रमाणें, एकहि कमी न करतां. एका प्रकारच्या मजल्यांत पन्हळी पोलादी पत्रा अंथरून त्यावर काँक्रीट ओततात. तेथें ताण पत्राच सोसतो व वरच्या जाळीकडे आकसण्याच्या भेगा आवरण्याचें काम असतें. तेथें ठराविक प्रमाणांत स्थूल तंतु जाळीच्या जागीं घालण्यास अमेरिकन नियमांनीं मुभा दिलेली आहे. यावरूनहि दिसून येईल कीं काम भेग आवरण्याचें असेल तेथें तंतूंस वाव आहे, आणि काम भार उचलण्याचें असेल तेथें सळईस पर्याय म्हणून ते उभे करूं नयेत.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज ना उद्यां बांधकाम निघेल, व कित्येक तर स्वतःच इंजिनियर किंवा कंत्राटदार होतील. त्यांनीं तंतूंची पिशवी हातीं घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. हा थर जमिनीवर टेकलेला आहे कीं अधांतरीं ? तंतु सूक्ष्म आहेत कीं स्थूल ? घनमीटरास किती किलोग्रॅम घालावयाचे, व तेवढ्यानें भेगेनंतरचें बळ किती राहतें ? आणि खांचा कोण पाडणार व पाणी कोण मारणार ? या चार प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळालीं, तर अंगणांत किंवा वखारींत तंतूंचा कोबा निर्धास्तपणें घालावा. गंजणाऱ्या व तुडविल्या गेलेल्या जाळीपेक्षां तो बहुधा अधिक सुखाचा होईल. पहिल्याच प्रश्नाचें उत्तर अधांतरीं असें आलें, तर मात्र पिशवीवरील मजकूर बाजूस ठेवून इंजिनियराचा नकाशा हातीं घ्यावा. लोखंड श्रेष्ठ कीं प्लॅस्टिक श्रेष्ठ, असा सरसकट निवाडा करतां येण्याजोगा नाहीं. जी वस्तु ज्या कामास योग्य तिची तेथें योजना करावी, व जेथें माणसांचा जीव तिच्याखालीं राहणार आहे तेथें स्वस्ताईच्या मोहानें ती बदलूं नये, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.